तुम्ही विचारलंत म्हणून: कण दिसत नाहीत, मग दाखवायचे कसे?

शाळा सुरू झाली की विज्ञानाच्या पहिल्या-दुसऱ्या धड्यालाच हा प्रश्न येतो. कधी आई-वडील विचारतात, कधी शिकवणी घेणारी मंडळी. "स्थायूत कण चिकटलेले, द्रवात थोडे लांब, वायूत मोकळे, हे लेकराचं पाठ आहे. पण कण दिसत तर नाहीत. घरात काही दाखवता येईल का?"

येईल, आणि सामानही फारसं लागत नाही. पण पाठांतरातलं मधलं वाक्य आधी दुरुस्त करून घ्या. 'द्रवात थोडे लांब' हे चित्र काढणारे फार ताणतात. स्थायूच्या चौकोनात गोट्या खच्चून भरलेल्या, द्रवाच्या चौकोनात निम्मी जागा रिकामी, वायूच्या चौकोनात चार-पाच गोट्या. पोराला वाटतं, द्रव म्हणजे स्थायू आणि वायूच्या बरोब्बर मधला मुक्काम. तसं नाही. बहुतेक पदार्थ वितळताना आकारमानाने शेकडा पाच ते पंधराच फुगतात, म्हणजे द्रवातले कणही एकमेकांना टेकूनच असतात. लग्नसराईतली एस.टी. आठवा. सीटवर बसलेले आणि मधल्या वाटेत उभे असलेले, दोघांचीही खांद्याला खांदा अशीच अवस्था. पण उभ्यांना रेटारेटी करत दारापर्यंत सरकता येतं, बसलेले जागच्या जागी फक्त हलतात. स्थायू आणि द्रव यांच्यात फरक आहे तो एवढाच.

वायूचं प्रकरण मात्र खरंच वेगळं. १ लीटर पाण्याची १०० अंशांवर वाफ केली तर ती साधारण १,७०० लीटर जागा व्यापते. १,७०० चं घनमूळ १२ च्या आसपास येतं. म्हणजे कणाकणातलं अंतर सुमारे बारापट झालं. कण तेवढेच आणि तेच, मधली जागा तेवढी वाढली. त्या जागेत काय असतं? काहीच नाही. 'कणांच्या मध्ये हवा असते' असं पोरं हमखास लिहितात, पण हवा स्वतःच कणांची आहे.

हे हाताला जाणवून द्यायचं तर औषधाच्या दुकानातून १० मिलीची सिरिंज आणा, सुई नको. दट्ट्या १० च्या खुणेवर ओढा, तोंडावर अंगठा गच्च धरा आणि दाबा. हवा ५ पर्यंत सहज येते. दट्ट्याचा छेद पावणेदोन चौरस सेंटिमीटरच्या आसपास असतो आणि हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला जवळपास १ किलो. हवा निम्म्या जागेत कोंडायची म्हणजे दाब दुप्पट, तेव्हा आपल्याला दोनेक किलोचा जोर लावावा लागतो. अडीच मिलीपर्यंत न्यायचं तर दाब चौपट आणि जोर पाच-सहा किलोंचा, तिथे अंगठा हार मानतो. इथे कण चेंबत नाहीत. जागा कमी झाल्याने तेच कण भिंतींवर जास्त वेळा आदळतात, एवढंच.

आता तीच सिरिंज पाण्याने भरा, तोंड वर करा, टिचक्या मारून बुडबुडा बाहेर घालवा, अंगठा लावा आणि दाबा. दट्ट्या ढिम्म हलत नाही. पाणी दबतं, पण एक वातावरण, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाएवढा, दाब वाढवला तर साधारण वीस हजारांत एक भाग. मधे रिकामी जागा जवळपास नाहीच, याचा यापेक्षा सरळ पुरावा घरात मिळणार नाही. प्रयोग फसतो तो दोनच कारणांनी. बुडबुडा राहिला की पाणीही दबल्यासारखं वाटतं, कारण दबतो तो बुडबुडा. आणि अंगठ्याखालून हवा निसटली की सोडलेला दट्ट्या १० वर परत न येता ७-८ वरच थांबतो. साडेनऊवर थांबला तर काळजी नको, ते रबराचं घर्षण.

मग एखादं चुणचुणीत पोर विचारतं, पोत्यातली ज्वारी ओतली तर वाहते आणि भांड्याचा आकार घेते, मग ज्वारी द्रव का नाही? हा प्रश्न उडवून लावू नका. ज्वारी ओता, तिची रास होते, पाण्याची होत नाही. शिवाय ज्वारीचा प्रत्येक दाणा आपला आकार सोडत नाही, तो दाणा स्थायू आहे. आपण बोलतोय ते कण दाण्याच्या आत आहेत, अब्जावधींच्याही कितीतरी पुढे. ज्वारी, साखर, वाळू ही उदाहरणं 'कण' म्हणून दाखवली की घोटाळा इथेच सुरू होतो.

कण हलतात हे दाखवायला सगळे शाईचा थेंब टाकतात: एक पेला गार पाणी, एक गरम. गरमात शाई झपकन पसरते आणि टाळ्या पडतात. मला हा प्रयोग अर्धवट वाटतो. पेल्यात पाण्याचे प्रवाह फिरत असतात, शाई त्यांच्याबरोबर वाहत जाते, आणि ते काही कणांचं विसरण, म्हणजे कणांचं आपलं आपण पसरणं, नव्हे. प्रवाह थांबवायचे असतील तर पाणी 'जाम' करा. १०० मिली पाण्यात दीड ग्रॅम चायना ग्रास उकळून विरघळवा, दोन पारदर्शक वाट्यांत ओतून घट्ट होऊ द्या आणि मधोमध पोटॅशियम परमँगनेटचा एकेक खडा टेकवा. एक वाटी फ्रीजमध्ये, दुसरी ओट्यावर. जांभळी कडा तासातासाने पट्टीने मोजा. मराठवाड्यातल्या मे महिन्यात ओट्यावरची कडा ठळकपणे पुढे गेलेली दिसते. पण धीर धरायला हवा, एक सेंटिमीटर सरकायला अर्धा दिवसही लागतो. खडा हाताने उचलू नका, डाग आठवडाभर जात नाही. घट्ट होणारं पाणी अजून कोमट असताना खडा ठेवला तर तो बुडतो आणि मोजमाप वाया जातं.

वायूत याच्या उलट. खोलीतल्या हवेचे रेणू, म्हणजे हवेचे कण, सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास धावतात. तरी फोडणीचा वास ओसरीवर यायला वेळ लागतो, कारण प्रत्येक रेणूची सेकंदाला अब्जावधी वेळा टक्कर होते आणि दरवेळी दिशा बदलते.

वितळण्याच्या प्रयोगाला ताप बघायचा थर्मामीटर चालत नाही. उणे १० ते ११० अंशांचा साधा लॅबचा घ्या. पावशेर बर्फ बारीक फोडून पातेल्यात घाला, आच अगदी मंद ठेवा, ढवळत राहा आणि दर मिनिटाला आकडा लिहा. शेवटचा खडा वितळेपर्यंत आकडा शून्याच्या आसपासच राहतो. आच तर चालूच आहे, मग उष्णता गेली कुठे? कणांची पकड सोडवण्यात गेली. कणांचा वेग तिने वाढवला नाही, म्हणून थर्मामीटरला ती दिसली नाही. पुस्तकात हिला अप्रकट उष्मा म्हणतात: बर्फाच्या दर ग्रॅमला ८० कॅलरी. आकडा मधेच ५-६ वर उडाला तर थर्मामीटर बुडाला टेकलाय किंवा ढवळणं थांबलंय. पुढे पाणी उकळू लागलं की छत्रपती संभाजीनगरात आकडा ९८ च्या जवळ थांबतो. थर्मामीटर खराब समजू नका. शहर समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटर उंच आहे, वरून हवेचा दाब कमी, त्यामुळे कण थोड्या कमी तापमानालाच सुटतात. नांदेडला तोच आकडा ९९ च्या जवळ जाईल.

तेलाचं थोडक्यात. डिसेंबरात पहाटे खोबरेल थिजतं, करडईचं तेल त्याच फळीवर वाहतं राहतं. खोबरेलाचे रेणू सरळ, एकावर एक रचले जातात. करडईच्या रेणूंना बाक असतो, त्यांची थप्पी लागत नाही. थिजलेलं खोबरेल उरलेल्या तेलात तळाशी जातं, बर्फ मात्र पाण्यावर तरंगतो. गोठताना पसरणारं पाणी हा अपवाद आहे, आणि पुस्तकं नेमकी त्याच अपवादापासून सुरुवात करतात.

राहिला माठ. एप्रिलमध्ये ज्याचं पाणी दात शिवशिवेल इतकं गार, तोच माठ जुलैत रुसतो. द्रवातले सगळे कण एकाच वेगाचे नसतात. पृष्ठभागावरचे सगळ्यात चपळ तेवढे पकड तोडून हवेत जातात आणि मंद मागे राहतात. वर्गातली हुशार पोरं दुसऱ्या शाळेत गेली की वर्गाची सरासरी घसरते, तसंच. तापमान म्हणजे तीच सरासरी. १० लीटर पाणी १० अंशांनी गार करायला हिशेबाने पावणेदोनशे मिली पाणी उडायला हवं. बाहेरची उष्णताही आत येत असते, म्हणून प्रत्यक्षात जास्त उडतं.

पण गेलेले कण परतही येतात. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर परतणारे थोडे, आणि पाणी २२-२३ अंशांपर्यंत उतरू शकतं. प्रत्यक्षात माठ त्याच्या दोन-चार अंश वर थांबतो. जुलैत हवा ३० अंश, आर्द्रता ८० टक्के, तेव्हा हद्दच २७. जितके जातात जवळपास तितके परत येतात. कूलरचंही हेच गणित. खिडक्या लावून कूलर चालवला की खोलीतच जुलै तयार होतो. समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी.

उन्हाळ्यातही माठ गार करत नसेल तर रात्री भरून ठेवा आणि सकाळी बाहेरून हात फिरवा. कोरडा लागला तर छिद्रं बुजलीत. बोअरच्या जड पाण्याने दोन हंगामांत पांढरा थर धरतो. माठ रिकामा करून नारळाच्या शेंडीने आतून-बाहेरून घासा, साबण नको, तो मातीत मुरतो आणि पाण्याला वास येतो. ऑइलपेंटने नक्षी काढलेला माठ घेऊच नका, रंगाखालून कण बाहेर पडत नाहीत. माठ सावलीत, वाऱ्याच्या वाटेवर, ओल्या वाळूवर ठेवा आणि भोवती ओलं पोतं गुंडाळा. भिंतीला चिकटवून ठेवलात तर तेवढी बाजू फुकट गेली.