पालखीच्या वाटेवरची वाघाटी

फलटण मागं पडलं की माळ सुरू होतो. आषाढी तोंडावर आली होती, आम्ही पंढरपूरला निघालो होतो, पण नातेपुत्याच्या अलीकडे गाडी मुद्दाम शिंगणापूरच्या डोंगराकडे वळवली. कुसळी गवत, मधूनच हिवर, खैर, बोरी. वर्षाला जेमतेम ५००-६०० मिलिमीटर पाऊस पडणारा हा अस्सल सव्हाना, म्हणजे विरळ झाडांचा गवताळ माळ. कागदोपत्री त्याला ‘पडीक’ म्हणतात, तेव्हा मला मनापासून राग येतो.

एका हिवरावर वाघाटीची काटेरी वेल चढली होती. प्रत्येक पानाच्या बुडाशी उलट वळलेल्या काट्यांची जोडी. बाही अडकली तर मागं सरकूनच सोडवावी लागते. लिंबाएवढी हिरवी फळं देठाला लोंबत होती. पानांभोवती पायोनियर फुलपाखरं घिरट्या घालत होती, कारण त्यांच्या अळ्या याच कुळातल्या झुडपांवर वाढतात.

पुढं बाजारात एका मावशींसमोर पोत्यावर तीच फळं मांडलेली दिसली.

“मावशी, माळावरची का?”

“मग काय, शेतात कोण लावतंय? पोरांनी काट्यातनं काढून आणली. आता बांधच राहिले नाहीत बघा, लांब जावं लागतं.”

द्वादशीला उपास सोडायच्या ताटात वाघाट्याची भाजी हवीच, अशी आपल्याकडे बऱ्याच घरांत रीत आहे. पंढरपुरात ज्यांच्याकडे उतरलो, त्या काकूंनी ती माझ्यासमोर केली. फळं चिरून आधी बिया खरवडून काढल्या. कडूपणा त्यांतच जास्त. फोडी मिठाच्या पाण्यात उकडून घट्ट पिळल्या. मग तेलात मोहरी, हिंग, हळद, वर तिखट, गूळ आणि भरपूर दाण्याचं कूट. चातुर्मास लागलेला, म्हणून कांदा-लसूण नाही. पहिल्या घासाला कडू लागतं, मग गूळ जाणवतो, आणि मागाहून जिभेवर जी हलकी तुरट चव राहते ती मला फार आवडली. वर्षातून एकदा वाघाटं पोटात जावं, असं काकूंच्या सासूबाई सांगायच्या.

संत कान्होपात्रेच्या समाधीवर तरटीचं झाड उगवलं असं पंढरपुरात सांगतात. ती तरटी आणि ही वाघाटी एकाच वंशातल्या, दोघी कोरड्या माळाच्या. काकूंना हे सांगितलं, तर त्यांनी हात जोडले आणि लगेच बजावलं, “पुढच्या वर्षी येताना दशमीच्या आत घेऊन या. एकादशीला इथं भाव विचारायची सोय नसते.”