चाळीसगाव ते भुसावळ: जुन्या छतांतले गर्डर ओळखताना

या दौऱ्याला डिसेंबर-जानेवारीच बरा. एप्रिलनंतर पत्र्याच्या गोदामात माळ्यावर चढून गर्डरला हात लावून पाहा, कारण विचारावं लागणार नाही. मूळ काम धुळ्यात होतं. बाजारातल्या एका जुन्या दुमजली पेढीवर अजून एक मजला चढेल का, हे मालकांना हवं होतं. म्हटलं, निघालोच आहोत तर चाळीसगावहून धुळे, तिथून अमळनेर आणि शेवटी भुसावळ असं करू. चाळीसगाव-धुळे फाटा आणि सुरतेकडून अमळनेरला येणारी लाइन, दोन्ही 1900 च्या सुमाराच्या. रुळांवरून कापूस बाहेर गेला आणि त्याच रुळांवरून गर्डर आत आले.

पेढीचं छत ओळखीचं: दोन गर्डरांमध्ये विटांची बसकी कमान, वर कोबा. खालून दिसते ती फक्त खालच्या फ्लँजची, म्हणजे गर्डरच्या आडव्या पाटाची पट्टी. कारखान्याचं नाव असतं वेबवर, म्हणजे मधल्या उभ्या पत्र्यावर, उठावाच्या अक्षरांत, आणि वेब विटांनी झाकलेला. म्हणून आधी जिना, सज्जा, कडेचा गाळा पाहा. तिथे वेब उघडा सापडतो. तारेच्या ब्रशने घासा, बॅटरी भिंतीलगत आडवी धरा, खडू फिरवा. इथे ‘डॉर्मन लाँग, मिडल्सब्रो, इंग्लंड’ उमटलं. 1932 साली खुला झालेला सिडनीचा पूल बांधणारी हीच कंपनी. मालक खूश झाले. मी तितका नाही, कारण नावावरून कारखाना कळतो, फार तर काळाचा अंदाज येतो. माप आणि ताकद कळत नाही.

माप टेपनेच घ्यायचं, तेही मिलिमीटरमध्ये. खोली 254 आणि रुंदी 127 आली, म्हणजे 10 बाय 5 इंची. ब्रिटिश प्रमाणित गर्डरांचं कोष्टक 1903 पासूनचं. त्यात याचं वजन फुटाला 30 पौंड, म्हणजे मीटरला साधारण 44.6 किलो. आपला आयएसएमबी 250, म्हणजे भारतीय मानकातला मध्यम वजनाचा गर्डर, हा 250 बाय 125, वजन 37.3 किलो. चार मिलिमीटरचा फरक, पण गर्डर इंचातला की मेट्रिकमधला हे त्यावरूनच ठरतं. टाटांचा शिक्का दिसला म्हणून मेट्रिक समजू नका. जमशेदपूरला पोलाद 1912 पासून निघतंय आणि आपलं मेट्रिक सेक्शनांचं हँडबुक 1964 चं.

जुना गर्डर जड निघाला म्हणून लगेच जास्त भार देऊ नये. त्या काळी त्याच्यावर चौरस इंचाला साडेसात ते आठ टन ताण धरत, म्हणजे 116 ते 124 न्यूटन प्रति चौरस मिमी. आज 250 ग्रेडच्या पोलादाला वाकण्यात 165 धरायची सवय आहे. तुकडा कापून चाचणी होईपर्यंत मी जुनाच आकडा धरतो. मालकांना ते फारसं रुचलं नाही.

अमळनेरला एका बंद गोदामाचं छतही तसंच, खालून दिसणारी पट्टी 136 मिमी. इथेच फसायला होतं. आयएसएमबी 300 ची रुंदी 140. गंज आणि चुन्याचे थर धरले की कुणीही तोच लिहील. रखवालदार खालूनच म्हणाले, “हाई गर्डर नई शे भाऊ, रूळ शे रेल्वेना.” टोकाला भिंतीजवळ गिलावा खरवडला, तर खरंच 90 पौंडी (यार्डाला 90 पौंड वजनाचा) रूळ, तळवा खाली करून बसवलेला. याची उंची अवघी 143 मिमी. वाकण्याला विरोध करणारी जडत्वाची किंमत आयएसएमबी 300 च्या पाचव्या हिश्श्याहून कमी. त्या समजुतीवर वर धान्याची थप्पी लावली असती तर काय झालं असतं, याचा हिशेब मांडायचीही गरज नाही.

भुसावळच्या बाजूला तर हे सर्रास आहे; रेल्वेचं गाव, भंगारातले रूळ हाताशी. रुळाच्या वेबवर कारखाना, वजन आणि साल असतं, ते गर्डरपेक्षा सोपं वाचता येतं. मात्र ते साल रूळ लाटल्याचं, इमारतीचं नव्हे. छत त्याच्यानंतर कितीही वर्षांनी पडलेलं असू शकतं. आणि रुळाला वेल्डिंग नको. कार्बन जास्त असतो, जोडाजवळ तडकतो. खालून आधार द्यायचा असेल तर नवा गर्डर लावून त्यावर भार घ्या.

सोबत व्हर्निअर आणि जाडी मोजायचं अल्ट्रासॉनिक यंत्र असू द्या. फ्लँज आतून उतरता असतो, म्हणून जाडी वेब आणि कडा यांच्या मध्यावर घ्या. भिंतीत घुसलेलं टोक नक्की उकरा, पावसाचं पाणी तिथेच मुरतं. गंज पापुद्र्यांसारखा थरांत सुटत असेल तर ते पोलाद नसून जुनं घडीव लोखंड असण्याची शक्यता. मग चौरस इंचाला पाच टनांवर जाऊ नका. आणि पाहण्यासाठी म्हणून अख्खी कमान कधी पाडू नका. शेजारच्या कमानीचा रेटा अडवायला मग काहीच उरत नाही. वेबलगतची एखादी वीट काढली तरी पुरते, तीही मालकांकडून लेखी परवानगी घेऊनच.