सोलापूरचं ऊन, रत्नागिरीचा घाम: मे महिन्यात ट्रेलर गार ठेवताना

सोलापूरच्या वाटेवर जुनोनीजवळ चिंचेखाली गाडी थांबवली तेव्हा साडेअकरा वाजले होते. मोटारीमागं ओढायच्या आमच्या चाकांवरच्या खोलीचं, म्हणजे ट्रेलरचं, दार उघडलं आणि चुलीसमोर वाकल्यासारखी झळ तोंडावर आली. भिंतीवरच्या थर्मामीटरचा आकडा ४६, बाहेर ३९. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ७२ वर्षांच्या, बीपीची गोळी चालू. त्यांना दुपारी तासभर आडवं होता यावं म्हणून तर हा ट्रेलर कोल्हापूरहून ओढत आणलेला, आणि त्यात पाय ठेवायची सोय नव्हती.

आमचा बेत सहा दिवसांचा होता. आधी सोलापूरला सिद्धेश्वर, परत घरी, मग आंबा घाट उतरून गणपतीपुळे. रत्नागिरी-कोल्हापूर-सोलापूर हा एकच हायवे, पण त्याच्या दोन टोकांचा उन्हाळा एकमेकांच्या ओळखीचा नाही. पूर्वेला कोरडं ऊन, पश्चिमेला घाम. एका टोकाला जे तारून नेतं, ते दुसऱ्या टोकाला जीव घुसमटवतं. मे महिन्यात ट्रेलर घेऊन निघणाऱ्यांनी ही गोष्ट सामान भरायच्या आधी ध्यानात घ्यावी.

जुनोनीत आमचं काय चुकलं ते आधी सांगते. पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं, आवराआवरीत आठ वाजले. धूळ नको म्हणून सगळ्या खिडक्या गच्च बंद केल्या, पण उजव्या बाजूचे पडदे उघडेच राहिले. त्या सकाळी ऊन नेमकं त्याच बाजूनं येत होतं. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे बारा व्होल्टचा फ्रिज आत चालू होता. फ्रिज दुधातली उष्णता काढतो, पण ती टाकतो कुठं? त्याच बंद खोलीत. साडेतीन तास आम्ही दूध गार केलं आणि खोली तापवली. परतीला फ्रिज मोटारीच्या डिकीत ठेवला. तिथं एसीची हवा पोचते, आणि ताकासाठी ट्रेलर उघडावा लागत नाही. चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचाच नाही, मग थांबेपर्यंत आत दुसरं काही चालू ठेवायची गरज नसते.

सावलीचं तर विचारूच नका. मिरजेच्या पुढं रस्ता रुंद झाला आणि जुनी झाडं गेली. भोसे गावाजवळ यल्लम्माच्या देवळापुढचा, चारशे वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा वड २०२० मध्ये रस्त्याचा आराखडा बदलून वाचवला होता, तोही २०२२ च्या पावसाळ्यात कोसळला. तिथून जाताना अजून वाईट वाटतं. त्यामुळे झाड दिसेल तेव्हा थांबू असं म्हणत बसू नका. सावलीची जागा आधीच हेरून ठेवा आणि अकराच्या आत तिथं पोचा.

चिंचेखाली आईंना मोटारीतच एसीत बसवलं, मीठ-साखरेचं पाणी दिलं आणि कामाला लागलो. दार, समोरासमोरच्या खिडक्या आणि छतावरचं झाकण उघडलं, छताचा पंखा हवा बाहेर फेकायला लावला. दहा मिनिटांत आकडा ४६ वरून ४० वर आला. म्हणजे नुसतं उघडून सहा अंश गेले, बॅटरी जवळजवळ न वापरता. हे न करता थेट एसी लावणारे मी पाहिलेत. आमची बॅटरी बारा व्होल्ट, २०० अँपिअर-तासांची, म्हणजे जेमतेम अडीच युनिट वीज. एक टनाचा इन्व्हर्टर एसी तापलेल्या खोलीत सुरुवातीला हजार वॅटच्या आसपास घेतो. दोन-सव्वादोन तासांत बॅटरी संपते, आणि तेवढ्यात तापलेला पत्राच निवत असतो.

मग छतावर ओली गोणपाटं टाकली आणि छोटा कूलर लावला. खिडकी बोटभर उघडी ठेवून, कारण ओल बाहेर गेली नाही तर कूलर काही कामाचा नाही. अर्ध्या तासात ३१. कूलरला एसीच्या दहाव्या हिश्शाइतकीही वीज लागली नाही. आई आत जाऊन झोपल्या, चारला उठल्या आणि चहा मागितला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

निघण्याआधी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या भाऊजींनी छताचं काम करून दिलं होतं, ते नसतं तर ४६ चे पन्नास झाले असते असं मला वाटतं. वरून ऊन परतवणारा पांढरा रंग, आतून छताला इंचभर जाडीची फोम शीट, आणि सोलर पॅनल छताला न चिकटवता चार बोटं वर उचलून बसवलेले. पॅनलखालून वारा खेळतो आणि छताला दुसरं छप्पर मिळतं. खिडक्यांना चंदेरी बबल-शीट कापून घेतली, ती काचेच्या बाहेरून लावायची. आतून लावली तर काच तापलेलीच राहते आणि ती झळ आत येते. पैसे कमी असतील तर एसीच्या आधी छतावर खर्च करा, हे मी मनापासून सांगते.

सोलापुरात लॉजच्या आवारात जागा मिळाली आणि १६ अँपिअरचा प्लगही, युनिटमागे पैसे ठरवून. केबल आपली न्या, अडीच स्क्वेअर एमएमची, आणि ती पूर्ण उलगडा. वेटोळं तसंच ठेवून एसी लावला तर केबल तापू शकते. अर्थिंग तपासायचा टेस्टरही सोबत असू द्या. संध्याकाळी व्होल्टेज पडलं तेव्हा एसी बंद ठेवून पुन्हा कूलरवर आलो. पहाटे साडेतीनला मात्र एसी दोन तास चालवला, गाद्या-कपाटं गार करून घेतली, बबल-शीट लावून दार बंद केलं आणि साडेपाचला निघालो. दहाला सांगोल्याच्या पुढं दार उघडलं तर आत ३१.

टायरची हवा मात्र सकाळी गार असतानाच बघा. दुपारी दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडू नका. वेग आम्ही ५५-६० च्या वर नेला नाही, आणि दर थांब्याला चाकाच्या हबजवळ (मधल्या भागाजवळ) हात नेऊन तो तापलाय का बघायचो.

चौथ्या दिवशी घाट उतरलो. दुसऱ्या गिअरवर, ब्रेक जपून. हातखंब्याला पोचेपर्यंत कपडे अंगाला चिकटले होते. गणपतीपुळ्यात तापमान फक्त ३३, म्हणून मी निर्धास्तपणे कूलर लावला. पाव तासात चादरी दमट झाल्या, आरसा धुरकटला आणि आई म्हणाल्या, “अगं बंद कर ते, श्वास भरून आल्यासारखं होतंय.” हवेतच इतकं पाणी असताना कूलरचं पाणी सुकायचं कुठं? गोणपाटंही तशीच ओली राहिली. कोकणात कूलर घरीच ठेवा, ती जागा दोन जादा पंख्यांना द्या.

तिथं उपयोगी पडला तो समुद्राचा वारा. दुपारनंतर तो पश्चिमेकडून येतो, म्हणून दार तिकडं केलं. पण पश्चिमेचं उतरतं ऊनही त्याच दारातून येतं, त्यासाठी ताडपत्री पुढं ओढून खाली झुकवली. जाळी डासांसाठी लागतेच, पण ती वारा अडवते, तेव्हा पंखा जाळीजवळ ठेवा. रात्री होमस्टेच्या विजेवर एसी ड्राय मोडवर, म्हणजे हवेतली ओल काढण्यापुरता, चालवला. तापमान फारसं उतरलं नाही, पण अंग कोरडं झालं आणि झोप लागली. आणि माडाखाली ट्रेलर लावू नका, सावली कितीही छान असली तरी. शेजारच्या मोटारीच्या टपावर नारळ पडलेला आम्ही पाहिला.

परतताना घाट चढायला चारनंतर सुरुवात केली. मोटारीचा एसी बंद, काचा उघड्या, गिअर दुसरा. तरी इंजिनच्या तापमानाचा काटा वर सरकला, तेव्हा वळणापुढच्या रुंद जागेत थांबलो. इंजिन लगेच बंद न करता चार मिनिटं तसंच चालू ठेवलं, काटा खाली आला. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे माहीत असूनही हात तिकडं जातो, म्हणून सांगते.

आंबा गावात मुक्काम केला. वीज घेतली नाही, छताचा पंखाही अकराला बंद केला. रात्री दोनच्या सुमारास आईंनी मला हलवून उठवलं आणि गोधडी कुठं ठेवलीय म्हणून विचारलं. ती आम्ही आणलीच नव्हती, कूलरवरची चादर काढून दिली.