एक दिवस बाबांच्या मुंबईत, नेटशिवाय

बाबांकडे अजून बटणांचा फोन आहे. वय ७७, सरकारी नोकरीतून २००६ ला रिटायर झाले, तब्येत ठणठणीत, आणि गेली दहा वर्षं आम्ही सगळे हात धुवून त्यांच्या मागे लागलोय की बाबा आता तरी स्मार्टफोन घ्या, आणि ते गेली दहा वर्षं एकच उत्तर देतायत, "माझं काही अडत नाही." मला ते पटायचं नाही. कारण त्यांचा गॅस मी बुक करते, लाईटबिल मी भरते, मग अडणार कसं?

तर मागच्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२५ च्या, ते हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जायला निघाले. बँक फोर्टात. नोकरीत असताना जिथे पगार व्हायचा तीच शाखा त्यांनी पेन्शनसाठी ठेवलीये, डोंबिवलीला खातं हलवलेलं नाही. मी म्हटलं बाबा हे ऑनलाइन होतं, जीवन प्रमाण म्हणून २०१४ पासून सोय आहे, चेहरा दाखवला मोबाईलला की झालं, कशाला एवढी दगदग. तर म्हणाले, "तू पण चल. आणि तो मोबाईल घरी ठेव. बघ एकदा कसं चालतं माझं."

ठेवला. कपाटाच्या ड्रॉवरमध्ये, स्विच ऑफ करून.

पहाटेच निघालो, कारण बाबा गर्दीच्या आधीची ट्रेन पकडतात. तिकीट खिडकीवर जेमतेम सात-आठ माणसं. रोज मी फोनवर तिकीट काढून सरळ जिना चढते त्यामुळे ही रांग मी कित्येक वर्षांत नीट बघितलीच नव्हती. एक आजी होत्या, हातात मेथीच्या जुड्यांचं गाठोडं. दोन बिगारी कामगार, थापी आणि घमेली घेतलेले. एक मुलगा, फोनची काच पार फुटलेली. आणि आम्ही. नेट नसलेली माणसं कुठे असतात असं कुणी मला विचारलं असतं तर मी गावाकडे बोट दाखवलं असतं, आणि ती इथे माझ्या रोजच्या स्टेशनवर उभी होती. बाबांनी सुट्टे पैसे मोजून ठेवलेले. "दोन सीएसटी, रिटर्न." झालं, पाच मिनिटं पण नाही लागली.

ट्रेनमध्ये मला राहून राहून हात पर्समध्ये घालावासा वाटत होता, मुंब्र्यापर्यंत तर फारच. मग शेजारच्या काकांनी त्यांच्या पेपरचं आतलं पान न मागता बाबांना दिलं, बाबांनी ते लोकलमधली माणसं घालतात तशी उभी घडी घालून वाचलं, वाचून झाल्यावर मला दिलं, आणि कुर्ल्याला ते काका उतरताना मी परत केलं. एक शब्द कुणी बोललं नाही. ही पेपर वाटून वाचायची पद्धत मी लहान असताना डबाभर दिसायची, आता त्या डब्यात तेवढा एकच पेपर होता.

फोर्टात पोचलो तेव्हा बँक उघडायला बराच वेळ होता म्हणून चहा प्यायला थांबलो. टपरीवर दोन चहा, बाबांनी शंभरची नोट काढली, तर पोरगा म्हणाला सुट्टे नाहीत काका, स्कॅन करा ना. बाबा म्हणाले स्कॅन नाही बाबा माझ्याकडे. तो माझ्याकडे बघायला लागला. माझ्याकडेही नव्हतं! शेवटी बाबांच्या आतल्या खिशातून दहा-दहाच्या नोटा निघाल्या, ते म्हणाले आता शंभरची नोट मोडणं हेच मोठं काम झालंय, म्हणून महिन्याच्या सुरुवातीला ते बँकेतून मुद्दाम दहा-वीसच्या नोटा मागून आणतात. यूपीआय आलं २०१६ ला, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटबंदी झाली. तेव्हा लोकांनी सोय म्हणून फोन हातात घेतला, आणि आज दहाच वर्षांत अशी पाळी आलीये की रोख पैसे देणाऱ्यालाच सुट्ट्यांची तजवीज करून घराबाहेर पडावं लागतं. मला हे खरंच खटकलं. मी रोज अशाच टपऱ्यांवर स्कॅन करून पुढे जाते, मागच्या माणसाचं काय होतं ते मला कधी दिसलं नव्हतं.

बँकेत हयातीची यादी टेबलावर ठेवलेली होती. ही यादी सरकारकडून येते, पेन्शनर आपलं नाव शोधतात आणि समोर सही करतात, ज्यांना जमत नाही ते अंगठा. एवढंच. दोऱ्याने बांधलेलं पेन, शाईचा पॅड, आणि नावांच्या त्या लांबच लांब रकान्यावर वाकलेली चार-पाच पांढरी डोकी. बाबा बोट फिरवत फिरवत आपल्या नावापर्यंत गेले, पण सही करायच्या आधी त्यांनी वरची दोन नावं वाचली आणि त्यांच्यासमोरचे रिकामे रकाने बघितले. "हे दोघं माझ्याबरोबरचे. अजून आले नाहीत." मग काउंटरवरच्या मुलीला विचारलं की ते येऊन गेले का. ती म्हणाली, "अजून महिना आहे ना आजोबा, येतील." बाबा दरवर्षी इथे का येतात हे मला तिथे कळलं. घरबसल्या चेहरा दाखवून त्यांचा स्वतःचा दाखला झाला असता, पण हे दोघं कसे आहेत ते कुठून कळणार होतं?

सही झाल्यावर बाबांनी पोच मागितली. सही-शिक्क्याची पोच देणं बँकेला बंधनकारक आहे, रिझर्व्ह बँकेचंच तसं सांगणं आहे, पण न मागता फारसं कुणी देत नाही, म्हणून घरी कुणी पेन्शनर असेल तर त्यांना हे नक्की सांगा.

मग पैसे काढायचे आणि पासबुक भरून घ्यायचं, तर लिंक गेली. "लिंक नाहीये, थांबावं लागेल." चाळीस मिनिटं! सगळी बँक गप्प बसलेली. बाबांकडे स्लिप आहे, सही आहे, खात्यात त्यांचेच पैसे आहेत, समोर कॅशियर आहे, त्याच्या ड्रॉवरमध्ये नोटा आहेत, आणि तरी काहीही होत नाही. मी म्हटलं बघा, शेवटी नेट लागतंच. ते म्हणाले, "लागतं ना. मी कधी म्हटलं लागत नाही? पण ते त्याला लागतं. मला तो लागतो." आणि कॅशियरकडे हात केला.

त्या बाकड्यावर बसून त्यांनी २६ जुलैची गोष्ट काढली. २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. मोबाईल कुणाचेच लागत नव्हते, लोकल बंद, बाबा ऑफिसातून चालत निघाले आणि रात्री शीवला अनोळखी माणसांच्या घरी झोपले, त्या घरातल्या बाईंनी पंधरा-वीस जणांना खिचडी घातली. आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं ते जिवंत आहेत म्हणून, ते पण कुणीतरी कुणाच्या लँडलाइनवर निरोप दिला म्हणून. आईने ती रात्र देवासमोर बसून काढली होती. मी हे बाबांना सांगितलं आणि विचारलं की त्या दिवशी आजच्यासारखं नेट असतं तर? ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तुझ्या आईसाठी बरं झालं असतं." हे मी इथे लिहितेय कारण बाबांना नेटचं वावडं आहे असं कुणाला वाटू नये.

लिंक आली, पैसे मिळाले, अर्थात दहा-वीसच्या नोटांमध्ये. तिथून चालत हुतात्मा चौकात. तिथल्या जुन्या तार ऑफिससमोर बाबा थांबलेच. माझा जन्म झाल्याची तार त्यांनी इथूनच कणकवलीला आजीला पाठवली होती, १९७९ मध्ये. शब्दावर पैसे असायचे म्हणून तीनच शब्द, 'मुलगी. दोघी सुखरूप.' ती तारसेवा १४ जुलै २०१३ च्या रात्री कायमची बंद झाली, शेवटच्या दिवशी लोक आठवण म्हणून रांगा लावून तारा करत होते. आता गंमत बघा, समुद्राखालून तारेची केबल मुंबईत आली ती १८७० मध्ये, तेव्हा थेट लंडनशी जोडणी झाली, आणि आज इंटरनेटच्या केबल्सही समुद्रातून मुंबईच्याच किनाऱ्याला लागतात, त्यातल्या बऱ्याचशा वर्सोव्याला. देशातलं केवढं तरी नेट वर्सोव्याच्या वाळूखालून येतं आणि त्याच गावात कोळणी बोंबील वाळत घालतात. बाबांना हे माहीत नव्हतं. त्यांना इतकं आवडलं की पुढे चर्चगेटपर्यंत तेच प्रश्न विचारत होते, केबल केवढी जाड असते, माशांच्या जाळ्यात अडकत नाही का. (बोटीच्या नांगराने तुटतात कधीकधी, एवढं मला माहीत होतं.)

चर्चगेटला डबेवाल्यांचे डबे उतरायची वेळ झालेली. स्टेशनबाहेर फुटपाथवर डब्यांचे लांब लाकडी क्रेट, पांढऱ्या टोप्या, आणि कुणालाही बोलायला वेळ नाही. मी एका डब्याच्या झाकणावर वाकून बघितलं. रंगाने हाताने काढलेली अक्षरं नि आकडे, कडेचे थोडे उडालेले, पुन्हा गिरवलेले. त्यातलं एक कुठून उचलला ते सांगतं, मधला मोठा आकडा उतरायच्या भागाचा, बाजूला बिल्डिंगची खूण आणि मजला. बस्स. नाव नाही, पत्ता नाही, फोन नंबर नाही. १८९० च्या सुमाराला महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं. यातले बहुतेक जण मावळ, खेड, जुन्नर भागातले, आणि एकच डबा वाटेत तीन-चार जणांच्या हातातून जातो. मी त्यातल्या एका दादांना विचारलं तुम्ही फोन वापरता का, तर म्हणाले, "वापरतो की ताई. कस्टमर बदलला, सुट्टी असली तर व्हॉट्सॲप येतो. पण डबा लावायला कशाला पाहिजे, तो झाकणावर लिहिलाय ना." आणि क्रेट डोक्यावर घेऊन चालायला लागले.

बस पकडून परत सीएसटीला. साध्या बसचं कमीत कमी तिकीट आता १० रुपये, कंडक्टरकडून, रोख. बसमध्ये बाबांनी स्वतःहूनच सांगितलं की कुठे अडतं. मागच्या पावसाळ्यात त्यांनी एका लॅबमध्ये रक्त तपासलं, रिपोर्ट घ्यायला गेले तर म्हणे व्हॉट्सॲपवर पाठवलाय. कुणाच्या? बटणांच्या फोनवर कसा येईल? प्रिंट मागितली तर तिथली मुलगी म्हणाली घरी कुणी नाही का हो तुमच्या. हे मला त्यांनी तेव्हा सांगितलं नव्हतं, रिपोर्ट दोन दिवसांनी हातात पडला. "कुणी आहे हो घरी, पण माझं रक्त आहे ना ते," एवढंच म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. मी तिथे गप्प झाले. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की डिजिटल सेवा मिळणं हा कलम २१ च्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि ते योग्यच आहे, ज्यांना फोन वापरायचाय पण वापरता येत नाही त्यांच्यासाठी फारच महत्त्वाचं. पण ज्याला कागदच हवा त्याला कागद मिळायचा हक्क कुठल्या कलमात बसतो? बसायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

जीपीओत, म्हणजे मुंबईच्या मुख्य पोस्टात, शिरलं की पहिल्यांदा मान वर जाते. विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला तो घुमट, १९१३ ची इमारत. बाबा दर महिन्याला गावच्या एका शाळासोबत्याला पोस्टकार्ड टाकतात. पन्नास पैशाला कार्ड, अजूनही! त्यांनी दहा घेतली आणि एक तिथेच उभ्याने लिहिलं, बारीक अक्षरात, कडेच्या समासात पण लिहिलं. मी डोकावून बघितलं तर शेवटची ओळ होती, 'आज लेक सोबत आहे.'

शेवटचं काम रिझर्व्हेशनचं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गावी जायचं होतं, बुकिंग ६० दिवस आधी उघडतं त्यामुळे तारीख उघडलेली होती. मी असते तर फोनवर सकाळी आठलाच बसले असते. बाबांनी फॉर्म घेतला आणि गाडी नंबर न बघता लिहिला, १०१०३ मांडवी, सीएसएमटी ते कणकवली. नावं, वयं, खालचा बर्थ असेल तर द्या अशी खूण. रांगेत पाऊण तास. पुढे एक बाई होत्या, त्यांना फॉर्म भरता येत नव्हता, बाबांनी त्यांचाही भरून दिला, गाडी कुठली बरी ते पण सांगितलं. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये गेली ती परत आलेली नाही, तरी प्रत्येक वेळी बाबा विचारतात, आणि क्लार्कने पण नेहमीच्याच सुरात सांगितलं, नाही हो काका. पण ऑनलाइनला वर जो चार्ज द्यावा लागतो तो इथे नाही. तिकीट हातात आलं, दोन खालचे बर्थ मिळाले.

परतीच्या ट्रेनमध्ये बसायला जागा मिळाली. भायखळा गेल्यावर बाबांनी खिशातली छोटी डायरी काढली, त्यात आमच्या सगळ्यांचे नंबर आहेत, मागच्या पानावर तिकिटाचा पीएनआर नंबर लिहिला, एकेक आकडा मला मोठ्याने वाचायला लावून. दहा आकडे. मग मला म्हणाले, "आदल्या दिवशी १३९ ला फोन करायचा, पीएनआरवरून तिकिटाची माहिती सांगतात. तू लिहून घेतलास का?"

माझ्याकडे लिहायला काही नव्हतं. त्यांनी डायरीचं एक पान फाडून दिलं.