तुम्ही विचारलंत म्हणून: संस्थेनं मोबाइल कशासाठी वापरावा?

सांगली-साताऱ्याकडच्या लहान सामाजिक संस्थांची माणसं भेटली की हटकून विचारतात, "पेज काढलंय, रील टाकतो, लाइकही येतात. पण कामात फरक पडावा म्हणून नक्की काय करायचं?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत ठाम आहे. लोकांचं म्हणणं आपल्यापर्यंत कसं येईल, ते आधी बघा. आपलं म्हणणं लोकांपर्यंत नेणं त्यानंतर.

ऑगस्ट २०१९ चा पूर आठवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर "अमुक गावात माणसं अडकलीत, पुढे पाठवा" फिरत होतं. त्यावर तारीख नाही, वेळ नाही. सकाळीच बाहेर काढलेल्या कुटुंबासाठी रात्री उशिरापर्यंत फोन यायचे. रस्त्यालगतच्या गावात बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्यांचे ढीग, आणि आतल्या वस्तीवर गुरांना वैरण नाही, म्हाताऱ्यांना रक्तदाबाची गोळी नाही, बायकांना पॅड नाहीत. मदत करणारे हात भरपूर होते हो! कुठे काय हवंय, हेच धड कळत नव्हतं.

म्हणून मेसेजला शिस्त हवी. गाव, तालुका, तारीख, वेळ, काय हवं, किती हवं, आणि गावातला फोन उचलणारा माणूस. एकानं फक्त खात्री करायची, तिथं फोन लावून. नोंद एकाच गुगल शीटमध्ये, सगळ्यांना दिसेल अशी. आणि गरज भागली की त्याच मेसेजखाली "मिळालं" असं लिहायचं. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि तिथूनच शिळे मेसेज फिरायला लागतात. ही घडी पूर नसताना बसवायची असते. रेशन, पेन्शन, टँकर यांच्या तक्रारींवर ती वर्षभर चालवून बघा.

दुसरं, फोन कुणाच्या हातात असतो ते विचारा. पुष्कळ घरांत तो नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो. मारहाणीबद्दल बाईला पाठवलेला मेसेज आधी तोच वाचणार. तिला कधी फोन करायचा, ते तिनंच ठरवावं. व्हॉट्सॲपचा ब्रॉडकास्टही, म्हणजे एकदम अनेकांना पाठवलेला मेसेज, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो, म्हणून बैठकीतच तो सेव्ह करून घ्या.

लांबलचक मजकुरापेक्षा आवाज बरा. माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी हा सामुदायिक रेडिओ २००८ पासून चालतो. आपल्या बोलीत, ओळखीच्या आवाजात सांगितलेलं माणूस थांबून ऐकतो. तुमची व्हॉइस नोटही गावातल्याच बाईच्या आवाजात असू द्या.

फोटोंबद्दल मी फार कडक आहे. सांगलीतली संग्राम संस्था १९९२ पासून एचआयव्ही आणि वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांच्या हक्कांवर काम करते. अशा कामात एक चेहरा बाहेर गेला तर त्या बाईचं घर, मुलांची शाळा, सगळंच पणाला लागतं. धान्याची पिशवी घेणाऱ्या बाईलाही लाज असतेच. "काढू का?" एवढंच विचारू नका, हा फोटो तुमच्या माहेरीही दिसेल, हे सांगून मग विचारा.

पेज बंद करा असं मी म्हणत नाही. त्यावर वर्षाचा जमाखर्च टाका, देणगीदारांना तो हवाच असतो. पण त्याआधी एक नंबर, ठरलेली वेळ आणि फोन उचलणारी एक कार्यकर्ती नेमा, आणि तिचं मानधन यंदाच्या अंदाजपत्रकातच धरा.