विल्यम हार्टची शेवटची दौड

आज दुपारी 'टम्बलवीड्स' पाहिला. १९२५चा मूकपट, वेस्टर्नपटांचा पहिल्या फळीतला नायक विल्यम एस. हार्टचा शेवटचा. १८९३ साली ओक्लाहोमातली चेरोकी स्ट्रिपची जमीन वसाहतीसाठी खुली झाली, जो आधी पोचेल त्याची जमीन, त्या झुंबडीची गोष्ट. भर दुपारी तोफ उडते आणि सीमारेषेवर खोळंबलेली माणसं, घोडे, गाड्या सगळं एकदम उधळतं. संगणकाची करामत नाही; पडद्यावर दिसतंय ते खरोखर धावलेलं आहे! जीव नुसता टांगणीला लागतो. त्या गर्दीतून साठीचा हार्ट एकेकाला मागे टाकत सुटतो, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो.

१९३९मध्ये हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा हार्टने सुरुवातीला स्वतः बोलून निरोप घेतला. मूळचा रंगभूमीवरचा नट, आवाज काय कमावलेला! त्याच्या फ्रिट्झ घोड्याचा विषय निघतो आणि तोच आवाज कातर होतो. माझे डोळे भरून आले.

संग्राहक जुन्या १६ मिलिमीटरच्या प्रिंट जिवापाड का जपतात, हे अशा वेळी पटतं. १९३७मध्ये न्यू जर्सीतल्या लिटल फेरी गावात फॉक्स या चित्रपट कंपनीच्या गोदामाला आग लागली. नायट्रेट फिल्म ती, भडकली की विझत नाही. फॉक्सचे बहुतेक मूकपट खाक झाले, मूकपटांच्या काळातला दुसरा वेस्टर्न नायक टॉम मिक्स, त्याचे कितीतरी वेस्टर्न त्यातच गेले. त्यामुळे कुणाच्या कपाटात एखादं रीळ टिकून असेल, तर त्या माणसाचे उपकारच मानायला हवेत.

पाहायचा असेल तर १९३९ची आवृत्ती शोधा, आणि हार्टचं सुरुवातीचं बोलणं वगळू नका.