सर्व्हिस बंद व्हायला नेमकी पाचच मिनिटं का?

आधी एक सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. जावा ज्या युजरखाली चालतं, जेस्टॅकही (चालू जावाचे थ्रेड काय करताहेत ते दाखवणारं टूल) त्याच युजरने चालवा. मी रूट (अ‍ॅडमिन युजर) म्हणून चालवत बसलो, ते प्रोसेसला जोडलंच जाईना, आणि रात्री दीड वाजता ब्रिज कॉलवर सगळे ऐकत असताना माझी वीस मिनिटं त्यात गेली.

आमच्याकडे चार इंटिग्रेशन सर्व्हर आहेत, म्हणजे एका सिस्टिमचे मेसेज दुसरीकडे पोचवणारे. त्यावर ही ने-आण करणारं अपाचे कॅमल, तेही जुनं २ मालिकेतलं, खाली जावा ८, मध्ये अ‍ॅक्टिव्हएमक्यू ही मेसेजची रांग. महिन्यातल्या एका शनिवारी रात्री पॅचिंग. सर्व्हिस बंद करायची, पॅच टाकायचा, चालू करायची. बंद व्हायलाच पाच मिनिटं, आणि एकामागून एक करायचे म्हणजे चार सर्व्हरची वीस. 'जड सर्व्हिस आहे, वेळ घेणारच' असं मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि मीही ते वर्षभर मान्य केलं. चहा होतो तेवढ्यात.

त्या रात्री चहा संपला होता म्हणून घड्याळ बघत बसलो. ३०० सेकंद. दुसरा सर्व्हर, पुन्हा ३००. काम खरंच चालू असतं तर कधी दोन मिनिटं लागली असती, कधी सात. दर वेळी तेवढीच? लॉग उघडला तर कॅमल स्वतःच सांगत होतं की दोन एक्स्चेंज (मेसेजची कामं) अजून इनफ्लाइट, म्हणजे अर्धवट, आहेत, थांबतोय, आणि शेवटी मुदत संपली म्हणून रूट (मेसेजचा ठरलेला मार्ग) जबरदस्तीने बंद करतोय. कॅमल २ मध्ये ही मुदत मुळातच ३०० सेकंदांची. ती आम्ही कधी बदललीच नव्हती. सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) तर मुळात ९० सेकंदांतच सिगकिल मारतं, म्हणजे प्रोसेस तिथेच संपवतं, पण माझ्या आधीच्या माणसाने ती मुदत, टाइमआउटस्टॉपसेक, ६०० करून ठेवली होती. त्यामुळे निदान कॅमलला आपलं रडगाणं पूर्ण गाता येत होतं.

मग ते दोन एक्स्चेंज कोणते? थ्रेड डम्प (जेस्टॅकने काढलेली सगळ्या थ्रेडची स्थिती) एकच घेऊन उपयोग नाही, दहा-दहा सेकंदांनी तीन घ्या. तिन्हींत तेच दोन थ्रेड, सगळ्यात वर सॉकेटरीडझीरो, म्हणजे नेटवर्कवरून वाचणं. अवस्था मात्र 'रनेबल', म्हणजे चालू. मी याच शब्दाला फसलो आणि पुढे गेलो. नेटवर्कवरून बाइट येण्याची वाट बघत अडकलेला थ्रेडही जावा रनेबलच दाखवतं. स्टॅक खालपर्यंत वाचल्यावर आमचा महिन्याच्या हिशेब जुळणीचा रूट सापडला. एका भागीदार कंपनीला एचटीटीपीवर विनंती जायची, उत्तर यायला त्यांच्याकडे चाळीस मिनिटं लागायची. आमच्या क्लायंटला रीड टाइमआउट दिलेलाच नव्हता, म्हणजे तो जन्मभर थांबायला मोकळा.

पण उत्तर का येत नव्हतं? इथे माझे अडीच आठवडे गेले. नेटवर्क टीमकडे टिकीट टाकलं. उत्तर: 'फायरवॉलमध्ये अलाऊ आहे.' बंद. पुन्हा उघडलं. 'पोर्ट ओपन आहे, टेलनेट करून बघा.' बंद. तिसऱ्यांदा मीच फोन केला. "अहो, ब्लॉक आहे असं मी म्हणतच नाहीये, कनेक्शन मध्येच मरतंय का तेवढं बघा." पलीकडून शांतपणे, "सर, अलाऊ आहे."

शेवटी एसएस या कनेक्शनची यादी देणाऱ्या कमांडचा आउटपुट घेतला. आमच्या बाजूला कनेक्शन एस्टॅब्लिश्ड. भागीदाराच्या माणसाला त्याच मिनिटाला त्यांच्याकडे बघायला लावलं, त्यांच्याकडे ते कनेक्शन नव्हतंच. हे दोन स्क्रीनशॉट शेजारी शेजारी चिकटवले तेव्हा कुठे कोणीतरी फायरवॉलची आयडल मुदत (गप्प कनेक्शन किती वेळ लक्षात ठेवायचं ती) बघितली: तीस मिनिटं. चाळीस मिनिटांनी निघालेलं उत्तर तिसाव्या मिनिटाला विसरलेल्या कनेक्शनवर येणार, गुपचूप टाकलं जाणार, आणि आम्हाला कोणी कळवणारही नाही. किपअलाइव्ह (कनेक्शन जिवंत आहे का ते मधूनमधून तपासणं) लावलं असतं तरी लिनक्सवर पहिली तपासणी ७२०० सेकंदांनी होते, ती आधी कमी करावी लागली असती.

वर्षभर कळलं का नाही? रांगेतून मेसेज उचलणाऱ्या दहा कन्झ्युमरपैकी दोनच अडकायचे, बाकीचे आठ काम ओढायचे. पॅचिंगच्या रात्री जबरदस्तीने बंद झालं की ट्रान्झॅक्शनमधला मेसेज रांगेत परत जायचा आणि चालू केल्यावर विनंती पुन्हा जायची. भागीदाराकडून 'तुमची मागणी दोनदा येते' अशी मेल यायची, ती आम्ही त्यांच्यावर ढकलायचो.

'कॅमल ३ वर जा, तिथे मुदत ४५ सेकंद आहे' असा सल्ला मला दोघांनी दिला. तसं केलं असतं तर रोग तसाच राहून फक्त चहाची वेळ गेली असती. आम्ही रीड टाइमआउट पाच मिनिटांचा केला आणि महिन्याचा हिशेब एकदम न मागता दिवसाचा मागायला लागलो. हो, आणि सिस्टमडीच्या फाइलमध्ये सक्सेसएक्झिटस्टेटस १४३ लिहा. नाहीतर सिगटर्म (बंद व्हायचा सिग्नल) मिळून नीट बंद झालेलं जावाही, जाताना १४३ हा कोड देतं म्हणून, 'फेल्ड' दाखवतं आणि रात्री उगाच घाबरायला होतं.

मागच्या शनिवारी चारही सर्व्हर मिळून पाऊण मिनिटही लागलं नाही. नेटवर्कच्या टिकीटावर शेवटचा शेरा मात्र अजून तोच आहे: 'अ‍ॅप्लिकेशन इश्यू, आमच्याकडून बदल नाही.'